रोजा, शनिवार आणि चौदा सुया

रहमिमभाऊ वाक्रुळकर ठाण्याच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचा मराठी यहुदी माणूस, आणि शनिवार पाळण्याच्या बाबतीत महाहट्टी! शनिवारी चूल नाही, गाडीत पाय नाही, लेखणीला हात नाही. रविवारचं काम अंगावर घेऊन ते आपला शनिवार दुसऱ्या कंपाउंडरच्या, सहदेवच्या, गळ्यात घालत. बाकी माणूस मोठा मजेचा. सुई टोचताना असं काही बोलत, की रोगी हसता हसताच कळवळायचा.

बावन्न सालच्या रमजानात राबोडीचे टांगेवाले दादामियां बुबेरे डाव्या मनगटाला फडकं गुंडाळून आले. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. रोज सकाळी एक, अशा चौदा सुया घ्यायच्या, त्याही पोटात! मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही.

"नको," चाचा म्हणाले. "पन्नास वर्षांत एक रोजा सोडला नाही मी. तुम्ही थेट पोटातच औषध घालणार, मग रोजा राहिला काय, कप्पाळ?"

"अहो चाचा, जीव जाईल!"

"जाईल तर रोज्यात जाईल."

आता या म्हाताऱ्यापुढे डोकं फोडून काय उपयोग? रहमिमभाऊ त्याच दुपारी टळटळीत उन्हात मुंब्र्याला मौलवीसाहेबांकडे गेले. एक यहुदी रोज्याबद्दल विचारायला आलाय म्हटल्यावर मौलवीसाहेबांनी त्यांना आधी सरबत पाजलं, मग बारीक चौकशी केली. सुई किती आत जाते? औषध आतड्यात पोचतं का?

"छे हो, कातडीखालीच राहतं."

"मग ते खाणं नव्हे, पिणंही नव्हे. रोजा शाबूत!" असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती वाचून दुसऱ्या सकाळी चाचांनी मुकाट्याने सदरा वर केला.

पाच सुया बिनबोभाट झाल्या. सहावी आली शनिवारी, आणि सहदेव नेमका बहिणीच्या लग्नाला बाळकुमला गेलेला. डॉक्टर शनिवारी येत नसत, आणि ही सुई देणारं दुसरं कोणी नव्हतं. शुक्रवारी चाचा म्हणाले, "उद्या मी येत नाही. माझ्यापायी तुमचा शनिवार मोडायचा? अल्ला मला काय म्हणेल?"

रहमिमभाऊंचा जीव टांगणीला लागला. एकीकडे जन्मभर पाळलेला शनिवार, दुसरीकडे हा खुळा, लाख मोलाचा म्हातारा. संध्याकाळी सिनेगॉगमध्ये त्यांनी हज्जनना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना, गाठलं. हज्जन हसलेच.

"रहमिम, जीव वाचवणं म्हणजे शनिवार मोडणं नव्हे. सुई खुशाल दे. पण रजिस्टर लिहू नकोस हं. त्याने कोणाचा जीव वाचत नाही."

सकाळी रहमिमभाऊ चालत राबोडीला गेले. "आमच्या हज्जननी सांगितलंय. चला!" चाचांनी सवयीने टांगा जोडला, पण भाऊ काही बसेनात. मग काय, चाचा लगाम धरून पायी, शेजारी भाऊ आणि मागे रिकामा टांगा! जांभळी नाक्यावर लोक थांबून बघत होते.

सुई झाली. रजिस्टर मात्र तसंच पडलेलं.

"द्या इकडे," चाचा म्हणाले. "रोज्यात लिहायला बंदी नाही."

चाचांचं मराठी दुसरीपर्यंतचं. घाम पुसत पुसत त्यांनी दोन नावं लिहिली. भाऊंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. सुई घेणाऱ्याच्या रकान्यात रहमिम वाक्रुळकर, देणाऱ्याच्या रकान्यात दादामियां बुबेरे! खोडावं, तर खोडणंही लिहिण्यातच जमा.

रविवारी रजिस्टर दिवसभर हाताशी होतं. भाऊंनी खोडलं नाही.

सोमवारी सहदेव परतला, पान उघडलं आणि घाबराच झाला. "अहो भाऊ, तुम्हाला कुत्रं कधी चावलं?"

"ते विचारू नकोस," रहमिमभाऊ म्हणाले. "पण चाचांनी सुई अशी दिली म्हणून सांगू, मुळीच दुखली नाही."