बेटर सून

आमच्या सापगावच्या घरात 'बेटर' हा शब्द सासऱ्यांनी आणला. आसनगाव स्टेशनवरून ते रोज कल्याणच्या एका कारखान्यात कामाला जायचे. तिथला साहेब म्हणे दोन कामगारांनी केलेले दोन भाग शेजारी शेजारी ठेवायचा, ज्याचा उजवा असेल त्याला "बेटर" म्हणायचा आणि पुढे जायचा. शाबासकी एवढीच. सासरे निवृत्त झाले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. साहेब तिकडेच राहिला, त्याची सवय मात्र घरी आली.

घरात आम्ही दोघी जावा. थोरली सातवी शिकलेली, मी इंग्रजी घेऊन बी.ए. संध्याकाळी चुलीपाशी दोघी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायचो. सासरे ताटात दोघींची एकेक मागून घेत. एकीचा तुकडा, दुसरीचा तुकडा, जरा वेळ चावणं, आणि निकाल. "आज धाकटीची बेटर."

खोटं कशाला बोलू, मी सुखावायचे. बी.ए.च्या निकालाला नव्हता झाला एवढा आनंद व्हायचा.

कॉलेजात असताना एकदा जाड कोशात हा शब्द शोधला होता. गुड आणि बेटर हे एका कुळातले नाहीतच. बेटरचं मूळ वेगळं. त्याच्या गोतातल्या जुन्या शब्दाचा अर्थ भरपाई, उपाय असा काहीतरी. गुडच्या वरची पायरी म्हणून हा परक्या घरातून आणून बसवला. आम्हा सुनांसारखाच. मराठीत आपण 'हिच्यापेक्षा ती बरी' म्हणतो, म्हणजे हिचं नाव तरी घ्यावं लागतं. बेटरला तेवढीही तसदी नाही. जी हरली ती शेजारीच चुलीत काटकी सारत बसलेली असते आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

हळूहळू थोरलीच्या भाकरीला कडेनं चिरा पडायला लागल्या. मग एक बाजू कच्ची, एक करपलेली. सासऱ्यांनी तिचं पीठच बंद केलं. भाकरी माझ्याकडे आली, मागोमाग मसाला, पाहुणे, सासूबाईंचं पथ्यपाणी, सगळंच. थोरली शेतावर जायला लागली, भाजीची पाटी घेऊन शहापूरच्या बाजारात बसायला लागली, मनात आलं की आटगावला माहेरी चार दिवस राहून यायची. मला तिची कीव यायची. बिचारी!

अशात मुरबाडच्या एका शाळेतून मला बोलावणं आलं. इंग्रजी शिकवायचं, सोमवारी हजर व्हायचं. कॉलेजात असल्यापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांना इचार."

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. "नोकरीला माझी ना नाय, बाय," ते म्हणाले. "पण घर कोण बघल? थोरलीच्या हातचा खाववतं का कोणाला? तू बेटर हायस म्हणून सांगतो."

मी म्हटलं, पहाटे उठून दोन्ही वेळचं करून ठेवते आणि मग एसटी पकडते. संध्याकाळी गार भाकरी कोण खाणार, असं उत्तर आलं. नवऱ्यानं अजून एक भाकरी मागितली. सोमवार गेला. शाळेनं दुसरी बाई घेतली.

ते कळलं त्या दिवशी मी अंथरूण सोडलं नाही. सासरे लग्नाला भिवंडीकडे गेले होते. थोरलीनं माझं ताट आत आणलं. भाकरी पातळ, गोल, चंद्रासारखी पांढरी, पापुद्रा टम्म सुटलेला. मला कधी जमली नव्हती अशी.

"ताई, ही तुम्ही केलीत?"

"मंग कोनी?"

"मग इतके दिवस?"

ती उंबऱ्यावर टेकली. "बेटर म्हनला का सुटका नाय, ह्या मला पयल्या वर्सालाच कलला, सासूबायपेक्षा मी बेटर ठरले व्हते. तू आलीस तवा सुटले."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगितला आसता तर तू सुटली आसतीस," ती म्हणाली. "मंग मी अडकले आसते गो."

मला तिचा भयंकर राग आला. तिच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते, हे कळत होतं म्हणून तो जास्तच आला. भाकरी मात्र मी सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम तवा तापू दिला आणि भाकरी करपवली. चांगली काळी होईपर्यंत हात लावला नाही. थोरली बघत होती. सासऱ्यांनी नखानं काळं खरवडून काढलं, उरलेलं खाल्लं आणि मायेनं माझ्याकडे पाहिलं.

"दमलीस गो बाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊं दे. उद्या बेटर व्हईल."