मास्तरांनी मागितलेली लहान गिटार

शमुवेल मास्तरांनी माझ्याकडे लहान गिटार मागितली होती आणि मी त्यांना मोठी करून दिली. ऐकण्यात किंवा मोजण्यात काही चुकलं नव्हतं. मी ते मुद्दाम केलं. मास्तर गेले ते मला शेजारच्या शिंप्याकडून कळलं. मी शटर वर करत होतो, तो सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "काशिनाथ, तुमचे ते गिटारवाले मास्तर गेले म्हणं काल." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? त्यांचा चेहरा नाही, त्यांच्या घरच्या वहिनी नाहीत, त्यांची मुलगीही नाही... गिटार आता कुणाच्या हाती जाईल, एवढंच आलं. त्या विचाराची मला अजून लाज वाटते. मातीला गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो.

नगरला माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. गिटारीचा नाद मला मास्तरांनीच लावला. एका गोऱ्या मिशनऱ्यानं मागं ठेवलेली मोडकी गिटार त्यांनी आणून दिली. ती खोलून मी तिच्या आकाराचा प्लायवूडचा फर्मा उतरवला आणि पुढं कितीतरी वर्षं तो घासून, पुन्हा कापून माझा स्वतःचा केला, त्यावरून लहानमोठे आणखीही केले. गिऱ्हाईक आलं की मी त्याला स्टुलावर बसवतो, फर्मा मांडीवर देतो आणि उजवा हात त्याच्यावरून टाकायला सांगतो. हात कुठं पडतो, खांदा उचलला जातो का, हे बघून खालचा घेर, कंबर आणि खोली ठरते. मास्तर उंच, हात लांब. त्यांना सगळ्यांत मोठा फर्मा असा बसला की जणू त्यांच्याच अंगावरून उतरवला होता. "अरे, चर्चमध्ये आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर आमची मंडळी उपदेशाला झोपतात ती गाण्यालाही झोपायची." ठरलं. शिसमाच्या बाजू, वर देवदाराची फळी. साल दुष्काळाचं, हवेत ओल नव्हती, लाकूड वाळायला त्याहून चांगला काळ नव्हता. हेही मीच तेव्हा हसत म्हणालो होतो.

काही आठवड्यांनी मास्तर पुन्हा आले. आत येऊन त्यांनी दार मागं लोटलं, ते मी लगेच टिपलं. म्हणाले, "काशिनाथ, बेत बदललाय. लहान कर. घेर कमी, कंबर आवळ, आणि खोली चार बोटांच्या वर नको. वजन होईल तेवढं हलकं."

"मग आवाज?"

"आवाजाचं राहू दे आता."

"कुणासाठी हवीय मास्तर?"

"माझ्यासाठीच की," ते म्हणाले, पण बघत होते भिंतीवरच्या करवतीकडे. मग त्यांनी लहान फर्मा एक दिवस घरी नेऊ का, असं विचारलं. तोवर माझा फर्मा दुकानाबाहेर कधी गेला नव्हता. मास्तरांना नाही कसं म्हणणार? दिला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा त्याच्या कडेवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या माझ्या नव्हत्या, आणि फर्म्याला कसल्याशा बामाचा वास येत होता. खुणांवरून मी काय समजायचं ते समजलो. वासाचा विचारच केला नाही.

त्याच सुमारास एस.टी. स्टँडजवळ पुण्याच्या एका माणसानं वाद्यांचं दुकान थाटलं होतं. काचेचं कपाट, रंगीत पाटी. त्या दुकानासमोर मला मास्तर दोनदा दिसले, एकदा तर काखेत कागदाची मोठी गुंडाळी होती. मी सायकल थांबवून विचारलं, "इकडं कुठं?" तर म्हणाले, "सहज." शाळा चालू असताना मास्तर सहज स्टँडवर? झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. फर्म्यावरून आकार उतरवून घेतला, तो पुणेकराला दिला, आणि लहान गिटार हवी ती नमुना म्हणून. आता वाटतं, एकदा तोंडावर विचारायला काय झालं होतं? पण संशयी माणसाला विचारायचं नसतं, त्याला फक्त पकडायचं असतं. मी ठरवलं, मोठीच करायची. मास्तरांना खरंच स्वतःला वाजवायची असेल तर आनंदानं घेतील, नाहीतर तोंड वाकडं होईल. मग दिसेलच.

गिटार न्यायला आले तेव्हा ते स्टुलावर सावकाश बसले. गिटार मांडीवर घेतली, कंबरेवरून तळहात फिरवला, बोटं आडवी धरून खोली बघितली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सरळ सांगितलं, "तुम्ही दिलेलंच माप आहे, मास्तर." त्यांनी तळहात पुन्हा कंबरेवर ठेवला आणि म्हणाले, "असेल बाबा. मीच काहीतरी गोंधळ केला असेल. काम मात्र देखणं झालंय." बाहेर रिक्षा उभी होती. "तेवढी रिक्षापर्यंत आणून देतोस का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गिऱ्हाईक यायचंय." कुणी यायचं नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दर पावलाला थांबत नेली. मी आतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नाटक!

पुढं त्यांच्या मुलीचं, सुवार्ताचं, लग्न झालं. मुलगा नेवाशाकडचा. मास्तर मांडवात खुर्चीत बसून होते. व्याही आले तरी उठले नाहीत, बसूनच हात जोडले. माझ्या शेजारी नवऱ्याकडचे एक काका होते, ते कुजबुजले, "मास्तर लई मोठं मानूस दिसतंय. उठंना बी!" मी हसलो. मला बरं वाटलं.

मास्तर गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी मला मास्तरांच्या खाटेसमोर बसवलं. खाटेवर ती गिटार आडवी ठेवलेली होती. तिच्या वरच्या कडेला जुन्या लुगड्याची जाड घडी दोऱ्यानं गुंडाळली होती. मी तिच्याकडे बघतोय हे वहिनींनी ओळखलं.

"कड छातीत रुतायची हो त्यांच्या," त्या म्हणाल्या. "पाठीच्या मणक्यात गाठ होती, भावजी. पुण्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, थोड्या दिवसांनी बसता यायचं नाही. सुवार्ताची सोयरीक चालली होती, असलं दुखणं कळलं असतं तर नेवासेकर मागं फिरले असते. म्हणून स्टँडवरून एकटेच पुण्याला जायचे, एक्स-रेचे फोटो कागदात गुंडाळून काखेत घेऊन. तुमचा तो लाकडी आकार आणला होता ना, तो उताणं पडून छातीवर ठेवून बघितला. मीच धरला होता. कुठवर पेलतोय तिथं पेन्सिलीनं खूण केली."

मला त्या बामाचा वास आला. खरंच आला.

"मग ही मोठी आली," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले, माप मीच चुकीचं दिलं, काशिनाथला कळू देऊ नकोस, त्याला वाईट वाटेल. मग मी खाटेच्या कडेला बसून ही अशी उचलून धरायची, आणि ते दोन्ही हात वर करून वाजवायचे. माझे हात भरून यायचे, तेवढंच गाणं."

त्यांना तेव्हाच कळलं होतं का? ज्यांनी बोटं आडवी धरून खोली मोजली, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. वहिनी चहा ठेवायला उठत होत्या. तसाच उठून आलो असतो तरी चाललं असतं, मास्तरांनी माझी वाट मोकळी करून ठेवली होती. मी म्हणालो, "वहिनी, बसा. माप चुकलं नव्हतं. मी मुद्दाम मोठी केली."

"मुद्दाम?" त्या एवढंच म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पुणेकराचं दुकान, पेन्सिलीच्या खुणा, न येणारं गिऱ्हाईक, मांडवातलं माझं हसणंसुद्धा. त्यांच्याकडे बघून पुढचं बोलवेना, म्हणून मी खाटेकडे वळलो, लुगड्याच्या त्या घडीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मास्तर, तुम्ही माप बरोबर दिलं होतं. मी तुमच्यावर संशय घेतला. मला माफ करा."