ग्रिस्केल कुठले?

डोरीन ग्रिस्केल आणि मी इंग्लंडातल्या हल बंदरात एकाच टेबलाशी तीस वर्षं मासे कापले. तिचं आडनाव कुणाला कधी धड लिहिता आलं नाही. पगाराच्या पाकिटावर कधी ड्रिस्कोल, कधी ग्रिसल. बाप ती तान्ही असतानाच समुद्रात बुडाला, भावंड नाही. हलच्या अख्ख्या टेलिफोन डिरेक्टरीत ग्रिस्केल ही एकटीच.

ब्याऐंशी साली तिनं वाचनालयात बसून देशभरच्या डिरेक्टऱ्या चाळायला घेतल्या. सापडेल त्या ग्रिस्केलचा नकाशावर ठिपका. सप्टेंबरपर्यंत एकोणीस ठिपके झाले, आणि त्यातले चौदा पार पलीकडच्या डोंगराळ कंब्रियातल्या एकाच खोऱ्यात, करंगळीच्या नखाखाली झाकतील इतके जवळ.

"मॅज, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"अगं, आधी पत्र तरी टाक."

"पत्राला नाही म्हणता येतं. दारात उभ्या बाईला कसं म्हणतील?"

आम्ही पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. सगळे मेंढ्यांच्या लिलावाला. आम्हीही त्या शेडमध्ये शिरलो. लिलाववाल्यानं काठी आपटली आणि घेणाऱ्याचं नाव पुकारलं, "ग्रिस्केल, वरचा मळा." पुढचा मेंढा आला. "ग्रिस्केल, ओढ्याकाठचे."

डोरीननं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. "मॅज, नाव नीट म्हणाला गं तो." आणि माणसांना कोपरानं ढकलत ती थेट कठड्याशी गेली. "ग्रिस्केल कोण इथं?"

चार टोप्या वळल्या. "कुठला हवाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याचं नाव एडविन.

"सगळे. मीही ग्रिस्केल. हलची."

"हलला आमचं कुणी नाही, बाई." मग तो थबकला. "आज्याचा एक भाऊ होता. बापाशी भांडून समुद्राकडे गेला, तो गेलाच. जोनास."

"माझे पणजोबा," डोरीन म्हणाली. "आईनं तेवढं एकच नाव सांगून ठेवलेलं."

लिलाव अर्धा टाकून एडविननं आम्हाला जीपमधून डोंगरावर नेलं. तिथं गवतात पडक्या भिंतींचे नुसते दगड. "नाव इथलं. जुन्या बोलीत ग्रिस म्हणजे डुक्कर, स्केल म्हणजे खोपटं."

"म्हणजे मी डुकरांच्या खोपटातली?"

"तू एकटी कशाला? आपण सगळेच."

डोरीन हसता हसता त्या दगडांवरच बसली, आणि डोळे पुसत राहिली. एडविनच्या घरी चहाला अकरा ग्रिस्केल जमले. सगळे एकदम बोलत होते आणि ती प्रत्येकाला उत्तर देत होती.

संध्याकाळची गाडी मी एकटीनंच धरली. डोरीन आठवडाभर राहिली. ती आजारी असल्याचं सोमवारी मुकादमाला मीच सांगितलं.