मुकुटाभोवतीचा भात

आमचे बाबा सुतार. हात सोन्याचा, पण जीभ कधी आवरलेली नाही. म्हणून गेल्या दिवाळीनंतर कडावच्या एका फार्महाऊसवर कपाटाचं दार बसवायला निघालो, तेव्हा स्कूटरवर मागे बसलेल्या बाबांना मी बजावलं होतं, "कामापुरतंच बोला."

मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी हौसेने कपाट दाखवलं. जुनं, विलायती ओकचं, अंगभर द्राक्षवेली कोरलेल्या. माथ्यावर मुकुट, त्याखाली दोन इंग्रजी अक्षरं. "कुठल्याशा लाटसाहेबाचं आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी मैत्रिणी खास हे बघायला येणार आहेत."

बाबा मुकुटाकडे बघत राहिले, म्हणून मीही नीट पाहिलं. मुकुटाभोवती भाताच्या लोंब्या होत्या. चांगल्या भरलेल्या, मानेत वाकलेल्या. विलायतेत कुठला लाटसाहेब भात लावत होता?

मी लहान असताना जुन्या सामानाचा एक व्यापारी खालापूरहून यायचा आणि बाबांकडून असे तुकडे कोरून घ्यायचा. एकदा त्याने पुसटसं चित्र दाखवून मुकुटाभोवती गहू कोरायला सांगितला. बाबांनी गहू फक्त पोत्यात पाहिलेला. शेतात उभा असतो तो भात, एवढंच त्यांना ठाऊक.

मी बाबांना डोळ्यांनी दटावलं. काही उपयोग झाला नाही.

"बाई, कपाट सायबाचं असंल, मला ठाव नाय. पन वरचा मुकुट आन् अक्षरं माजी हायत. मीच केली."

बाई खुर्चीत बसल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काम तर गेलंच, बाबांची अब्रूही गेली.

"खोटं कशाला केलंत?" आवाज अजून शाळेतलाच.

"शोभेसाठी म्हनून केलं. येपारी त्यावर कुनाचं नाव सांगून इकतो, ते मागनं कळलं. मग सोडलं."

बाई उठल्या, चष्मा लावून लोंब्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग हसल्या. "रोज पुसताना वाटायचं, साहेबाला भात इतका नीट कसा ठाऊक. ती अक्षरं तासून काढा, मिस्त्री. तिथे तुमचं नाव घाला."

बाबांनी पिशवीतून पटाशी काढली आणि अक्षरं तासायला घेतली. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी नाव कोरायला सांगितलं नव्हतं. मुकुट त्यांनी दोन दिवसांत केला होता. नावाच्या तीन अक्षरांना सगळी दुपार लागली. डोळ्यात भुसा गेला म्हणून दोनदा थांबले. पटाशीखालून नुसत्या ढलप्या निघत होत्या, भुसा कुठला. पण मी काही बोलले नाही. कामापुरतंच बोलायचं ठरलं होतं.