लादीन, कानातली गोळी आणि आगरदांड्याची फेरीबोट

सन २०२५. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंत, पण कोर्लईत चाळीस वर्षं लादीन मीच चालवतो (क्रुसापुढं एकजण ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात ती प्रार्थना). सगळी तोंडपाठ. वही घेऊन म्हणणाऱ्यांना मी हसत आलो.

त्या वर्षी ओळी निसटायला लागल्या. श्रीवर्धनला भाची रोझीचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं, त्याची लादीन मलाच चालवायची होती. भर माणसांत अडलो तर पुन्हा कुणाच्या दारात तोंड दाखवणार? शेवटी पनवेलच्या नातीला सांगितलं, तेही नाइलाजानं. तिनं फोनवर एआय बसवून दिलं आणि कानात घालायची गोळी दिली. "आजोबा, तुम्ही थांबलात की ते पुढची ओळ कानात सांगेल. कुणाला कळणार न्हाय."

आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो आणि कठड्याशी उभा राहून सराव करू लागलो. गोळी फोनला नीट जोडलीच नव्हती. फोन अख्ख्या बोटीसमोर ओरडला, "आम्हांवर दया कर!" एका मोटरसायकलवाल्यानं दचकून ब्रेक धरला.

शेजारी दिघीचे एक म्हातारे होते, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. "भाय, ही कोण बाई?"

"बाई न्हाय, यंत्र हाय. प्रार्थनेत अडलो की शब्द देतं."

"आमच्यात इमामसाब अडले की मागचा माणूस शब्द देतो. लुकमा म्हणतात. त्यात शरम कसली?"

"मग माझं बरोबरच हाय की!"

"कसं? मागचा स्वतः नमाज पढत असतो. तुमचं यंत्र पढतं काय?"

मी चिडलो. "त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ हाय."

"असेल. पण त्याला कुणाची माफी मागायची हाय?"

तेवढ्यात दिघी आलं, सुटलो.

पण एसटीत बसल्यावर बाहेर सुपारीच्या वाड्या आणि डोक्यात तेच. आम्हांवर दया कर म्हणताना आम्ही छाती बडवतो. त्या यंत्राला ना छाती, ना पाप, ना मरण. मग ते कुणासाठी दया मागतं?

रोझीनं तांदळाची भाकरी आणि सुका जवळा वाढला. भीतीनं अर्धीच खाल्ली. क्रुसापुढं मेणबत्त्या लागल्या तेव्हा गोळी काढून खिशात टाकली.

दहा-बारा ओळींनंतर अडलो. कुणीतरी खोकलं. मग बोललो, "विसरलो. पुढचं कोण सांगतं?"

रोझीनंच सांगितलं, घोगऱ्या आवाजात. घरभर उत्तर उठलं. आणखी दोनदा अडलो, दोन्ही वेळा तिनंच शब्द दिला. छातीवरचं ओझं उतरलं.

नंतर ती म्हणाली, "मामा, ते गेल्यापासून प्रार्थनेला माझं तोंडच उघडत नव्हतं." मग डोळे पुसून हसली. "आणि तुम्हीपण अडता व्हय? लहानपणी आम्हाला केवढे ओरडायचात!"

उरलेली भाकरी मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीनं परतलो. घरात न शिरता शेजारच्या मोनिकाला हाक मारली. "रविवारपासून लादीनला माझ्या बाजूला उभी राहा. अडलो की शब्द दे."

"तुम्ही अडता, अंकल?"

"अडतो," मी म्हणालो, चांगलं मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.