प्रेसबिटरी आणि बिजयचं लग्न

संस्था स्थापन व्हायला वर्षं लागतात, पण तिचे किस्से पहिल्याच बैठकीत स्थापन होतात! आमच्या कलकत्त्याच्या प्रेसबिटरीचं अगदी तसंच झालं.

'आमच्या' म्हणतो खरं, पण मी आपटे, इथेच जन्मलेला मराठी हिंदू. स्वातंत्र्यानंतर गोरे पाद्री मायदेशी निघाले, तेव्हा आसपासच्या चर्चनी आपले पाळक आणि निवडलेले वडीलधारे मिळून एक सभा उभी करायचं ठरवलं. तीच प्रेसबिटरी. ती होईपर्यंत नव्या पाळकाला दीक्षा नाही, आणि माझा कॉलेजमित्र बिजय नेमका दीक्षेसाठी खोळंबलेला! बागबाजारच्या हालदारबाबूंनी त्याला बजावलं होतं, "आधी दीक्षा, मग माझी मुलगी."

*

स्थापनेच्या बैठकांना बिजयने मला स्टेनो म्हणून नेलं. कुणीतरी कुरकुरलं, "हिंदू माणूस?"

सभासद हालदारबाबू म्हणाले, "उत्तम! याचं आपल्या कुठल्याच चर्चशी भांडण नाही." सभेचा हा पहिला एकमताचा निर्णय.

*

सभा प्रार्थनेने सुरू व्हायची, हजेरी त्यानंतर. एकदा बजबजची लोकल लेट, कोरम अपुरा. बराकपूरचे पाळक प्रार्थनेला उभे राहिले ते थांबेचनात! मंत्र्यांसाठी मागून झालं, आजाऱ्यांसाठी झालं, प्रवाशांसाठी झालं. शेवटी, "हे प्रभो, इंजिन ड्रायव्हरला बळ दे!"

तेवढ्यात बजबजवाले घामाघूम आत शिरले. "आमेन!" हजेरीत सगळे वेळेवर.

*

इंग्रजी ठराव बंगालीत सांगायला एक दुभाषी होते. एका ओळीचं प्रवचन करायचे. अजून मायदेशी न गेलेल्या एका साहेबाने विचारलं, "हे सगळं मी बोललो?"

"नाही सर, पण बोलायला हवं होतं!"

*

स्थापनेचा ठराव मताला टाकायचा, तोच चहाचा वास आला. आमच्या वयोवृद्ध अध्यक्षांनी सवयीने हात वर करून समारोपाचा आशीर्वाद देऊन टाकला!

"आशीर्वाद झाला, सभा संपली. नियम म्हणजे नियम!" हे कोण म्हणालं? हालदारबाबू! ठराव पुढच्या बैठकीवर गेला, त्याच्याबरोबर लग्नही. बायकोने त्यांना आठवडाभर मासळी वाढली नाही म्हणतात.

*

अखेर प्रेसबिटरी झाली! त्याच दुपारी बिजय दीक्षेसाठी गुडघ्यांवर बसला. मला इतकं हायसं वाटलं की मी पेन्सिल खाली ठेवली. रीतीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, "या तरुणाबद्दल कुणाचा काही आक्षेप?"

हालदारबाबू उभे राहिले. बिजय पांढराफटक पडला.

"आक्षेप आहे. पाळकाला घरसंसार हवा. हा अजून बिनलग्नाचा आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

"हालदारबाबू, तारीख सांगा आणि खाली बसा!"