सव्वीस चष्मे आणि दोन टायर

पावसाळ्यात सुरगाण्याकडे जायचा विचार असेल, तर रस्त्याची आणि खाण्याची माहिती पुढे आहे. टायरची माहिती जरा जास्तच आहे, कारण ती गोळा करण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं.

नाशिकच्या इंदिरानगरात माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या आषाढात सुरगाण्यापुढच्या एका पाड्यावर मी डोळे तपासायला गेलो होतो. सव्वीस जणांना जवळचं दिसत नव्हतं. "पंधरा दिवसांत चष्मे आणून देतो," असं शाळेच्या ओट्यावर उभं राहून मी सांगितलं. कुणी मागितलं नसताना तारीखही दिली. ठरल्या दिवशी निघालोही, पण पाड्याखालच्या लाल मातीच्या चढावर गाडी रुतली. ती निघेपर्यंत अंधारून आलं आणि चष्म्यांचं खोकं घेऊन आम्ही परत आलो. चालत वर का गेलो नाही, हे विचारू नका. माझ्या डायरीत त्याची तीन कारणं लिहिलेली आहेत आणि तिन्ही वेगवेगळी आहेत.

दिवाळीनंतर निरोप पाठवला, तर पाडा मजुरीला बाहेर गेलेला. उन्हाळ्यात गाडी लग्नसराईत अडकलेली. गाडी म्हणजे माझ्या मेव्हण्याची, दिलीपची पिकअप. त्याचं सातपूरला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. यंदा आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकल्यावर जायचं ठरलं आणि मी जाहीर केलं, की आधी टायर.

"दाजी, टायरचा काय दोष? मी गाडी चिखलात घातली," दिलीप म्हणाला.

पण दोष टायरला देणं मला सोयीचं होतं. मी वहीत अकरा प्रश्न काढले. नक्षी किती खोल? चिखल आपोआप बाहेर फेकला जातो का? डांबरावर आवाज किती? डिझेल किती जास्त खाणार? दिलीपने वही चाळली आणि म्हणाला, "ताईला बघायला आला होतात तेव्हा एवढं विचारलं नव्हतंत."

पहिला दिवस मालेगावचा. डोंगरी टायर नाशकातही मिळाले असते, पण हायवेवर ट्रकवाल्यांच्या गर्दीत निवड जास्त, असं दिलीपचं मत होतं. सकाळी सातला निघालो. आग्रा रोड चांगला आहे, पण चांदवडच्या घाटात ट्रकमागे सरपटावं लागतं, तेव्हा अडीच तास धरून चाला. वाटेत ढाब्यावर शेवभाजी खा. तिखट कमी सांगा. तरी ती तिखटच येईल.

दुकानदार सत्तरीचे एक चाचा होते. मी खिशातून भिंग काढलं आणि टायरच्या खाचा तपासू लागलो. चाचा जवळ आले.

"साहब, टायर देख रहे हो के हीरा?"

"रिमोल्ड तर नाही ना, जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, ते बघतोय."

"देखो, देखो. कुंडली भी मिला लो."

त्यांनी तीन प्रकार समोर मांडले. सरळ रेघांचा डांबरासाठी. मोठ्या गोट्यांचा निव्वळ चिखलासाठी, पण हायवेवर तो विमानासारखा घुमतो. तिसरा मधला, दोन्हीकडे चालणारा. मधलाच घ्यावा असं माझी वही म्हणत होती. दिलीपचं मन गोट्यांवर होतं, कारण तो दिसायला भारी. तासभर आमचं चाललं. शेवटी चाचा म्हणाले, "गाडी पीछे के पहियों से चलती है. बीचवाले दो लो, पीछे डालो, और मुझे नमाज़ को जाने दो." साडेतीन हजाराला एक या भावाने दोन घेतले. पुढचे जुनेच राहिले. बसवून झाल्यावर दिलीपने चिरडायला नव्या चाकांखाली लिंबं ठेवली. मी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या चाकाखालचं लिंबू सरकलं होतं ते मीच नीट केलं.

दुसऱ्या दिवशी दिंडोरी, वणी, बोरगाव करत सुरगाणा. डोंगर हिरवेगार, रस्ता कधी आहे, कधी नाही. बोरगावात चहा घ्या, पुढे मिळेलच याची खात्री नाही. खोकं मी मांडीवर घेतलं होतं. प्रत्येक चष्म्याला नावाची चिठ्ठी होती. शाळेच्या ओट्यावर यादीप्रमाणे एकेकाला बोलवायचं, चष्मा लावून तपासायचा आणि उशिराबद्दल माफी मागायची, असं ठरवलं होतं. माफीची दोन वाक्यं पाठही केली होती. आताही पोचलो नाही तर तिथे परत तोंड दाखवता येणार नाही, एवढं मला कळत होतं.

लाल चढ आला. दिलीपने गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. निम्मा चढ दिमाखात चढलो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल उडून हौद्यात पडला. मी खाली उतरून बघितलं. माझ्या लाडक्या खाचा मातीने गच्च भरल्या होत्या आणि टायर पाटीसारखा गुळगुळीत झाला होता.

"दाजी, मागं वजनच नाहीये. गाडी रिकामी आहे," दिलीप म्हणाला.

"रिकामी कशी? चष्मे आहेत."

"सव्वीस चष्मे! माझा जेवणाचा डबा जड आहे त्यापेक्षा."

वहीत अकरा प्रश्न होते. गाडीत माल काय असणार, हा नव्हता.

इंजिनाचा आवाज ऐकून वरून माणसं उतरू लागली. सगळ्यात पुढे सोनीबाई होती, वय साठीच्या पुढे, इरलं डोक्यावर. यादीत तिचं नाव पहिलं होतं.

"मागल्या साली बी हितंच रुतला व्हतास," ती म्हणाली.

"यंदा नवे टायर आणलेत मावशी. माती भरली म्हणून जरा..."

"चष्मा आणलास का?"

"आणलाय ना. वर शाळेत आलो की देतो."

ती गाडीकडे, माझ्याकडे आणि वर पाड्याकडे बघून हसली. "आम्ही खाली, चष्मा खाली, आन तू एकलाच वर जाऊन काय करशील?"

सगळे हसले. दिलीप सगळ्यात मोठ्याने. मी खोकं उघडलं. पाठ केलेली माफी आठवेना, म्हणून उशीर का झाला ते सरळ सांगितलं: दिवाळीनंतर तुम्ही बाहेर गेला होतात.

"आम्ही दिंडोरीला द्राक्षाला व्हतो की. चार महिनं. तिथं आणायचा ना!"

दिंडोरी माझ्या दुकानापासून तासाभरावर आहे. मी चढासाठी टायर शोधत होतो तेव्हा ही माणसं सपाटीवर होती. कुठे गेलात, एवढं मी विचारलंच नव्हतं.

चष्मे वाटले. जवळचं दिसतंय का हे बघायला मी एरवी तांदूळ निवडायला देतो, पण तांदूळ दिलीपच्या डब्यात शिजलेला होता. सोनीबाईने चष्मा लावला, इकडेतिकडे बघितलं आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसली.

"ह्याला केस हायेत रं!"

नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात. तिने एक चिमटीत धरून उपटला. बाकीचेही येऊन बसले. अर्धा तास अख्खा पाडा माझे टायर निवडत होता. इतकी चांगली तपासणी मी दुकानातही कधी केलेली नाही. मग सोनीबाई माझ्याकडे वळली. "तू येवढा म्हातारा हायेस? मला वाटलं पोरगा हाय." माझं वय पंचेचाळीस.

तिघांना मात्र चष्मा जुळला नाही. वर्षभरात त्यांचा नंबर वाढला होता. त्यांनी तो काढून माझ्या हातात ठेवला, आणि यावर कुणी विनोद केला नाही.

शेवटी सोनीबाईच म्हणाली, "आता आम्हाला बसव आन चढव गाडी. येवढे टायर आणलेस तं." पंधरा-सोळा जण हौद्यात चढले, मागची चाकं दबली, दिलीपने क्लच सोडला आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून वर गेली. वर नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. त्याचे पैसे कुणी घेत नाही. द्यायचा आग्रह धरून बसू नका, मी धरून बघितला.

घरी येऊन डायरी लिहायला बसलो. टायर त्यांच्यासाठी घेतले की त्या चढाला हरवण्यासाठी? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "उत्तर माहीत असलं की तू मला विचारतोस."

तिघांचे नवे चष्मे आठवड्यात तयार झाले. "चला दाजी, टायर आहेतच," दिलीप म्हणाला. मोह झाला. पण यावेळी आधी शाळेच्या मास्तरांना फोन केला. ते शनिवारी नाशकात येणारच होते. डबी त्यांच्या पिशवीत टाकली, ती एसटीने गेली.

सोमवारी मास्तरांचा फोन आला. चष्मे मिळाले, तिघांनाही जुळले. पण पाडा नाराज आहे. गाडी वर चढवली त्या दिवशी थोडी आवणी उरली होती म्हणून सात-आठ जण रानात होते, त्यांचं गाडीत बसायचं राहून गेलंय. मी एसटीने डबी कशाला पाठवली, असं विचारतात.